आपण अकराच का उरलो: जुन्या गाड्यांच्या मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि आपल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

ज्यांची वर्गणी चालू आहे त्यांना हे पत्र आहेच. पण ज्यांनी ती भरायची बंद केली, ज्यांची नावं आपण यादीतून कमी केली आणि ज्यांना आपण मुळात घेतलंच नाही, त्यांनाही ते आहे. म्हणून पाकिटात न घालता उघडपणे लिहितो आहे.

गेल्या वार्षिक सभेला हॉलवाल्याने चाळीस खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. आलो आपण अकरा जण. गणपूर्ती नाही म्हणून अध्यक्षांनी सभा तहकूब केली. अर्धा तास आपण व्हरांड्यात उभं राहून पाऊस बघितला आणि मग नियमाप्रमाणे त्याच जागी, त्याच अकरा जणांची सभा पुन्हा सुरू झाली. अहवालात नवीन सभासद निरंक. कमी झालेले चार: दोघे देवाघरी गेले, एकाने गाडी विकली, एक पुण्याला मुलाकडे राहायला गेले. नंतर चहा घेताना कुणीतरी म्हणालं, "आजकालच्या पोरांना या गाड्यांची आवडच राहिली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

ते आपण सगळे चुकीचं बोललो. ते मला कसं कळलं ते सांगतो.

पाऊस संपल्यावर माझी फियाट डिलाईट मी पहिल्यांदा बाहेर काढतो तेव्हा लांब जात नाही. गाडी १९६९ ची आहे, वडिलांनी घेतलेली. रत्नागिरीजवळचा भाट्याचा पूल ओलांडायचा, सुरूबनापर्यंत जायचं, इंजिन गरम होऊ द्यायचं, आवाज ऐकायचा आणि परत यायचं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी तसाच गेलो, तर सुरूबनाच्या कडेला गाड्यांची ओळ लागलेली. दोन मारुती ८००, एक पांढरी पद्मिनी, महिंद्राची एक कमांडर जीप. एक कॉन्टेसा होती, तिच्या बॉनेटचा रंग दारांशी जुळत नव्हता. दुचाक्या तर विचारूच नका. येझ्दी, राजदूत, आरएक्स १०० आणि एक लुनासुद्धा. भोवती पंचविशीच्या आतली मुलं. कुणी वाकून प्लग काढतोय, कुणी हाताला डिझेल लावून काळं काढतोय.

मी गाडी बाजूला घेतली तशी एक मुलगी जवळ आली, असेल एकवीस-बावीस वर्षांची. आपल्या गाडीजवळ येणारी माणसं आधी विचारतात, "केवढ्याला द्याल?" हिने तसं काही विचारलं नाही. ती म्हणाली, "काका, पेट्रोलचा वास येतोय. बॉनेट उघडू का?"

एसी पंपाच्या (टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ओढणाऱ्या पंपाच्या) खालच्या कडेवरून तिने बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोट ओलं होतं. "डायफ्रॅम, आतला रबरी पडदा, गेलाय. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं ना, जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. पेट्रोलचे पाईपपण बदलून घ्या. आणि टाकी अर्धी ठेवू नका, आपल्या हवेत ते पाणी ओढून घेतं." मग तिने तिच्या ८०० च्या डिकीतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. त्यात पिशव्यांतून नीट नावं लिहून ठेवलेले सुटे भाग होते. पंपाचे स्क्रू तिने समोरासमोरचे असे थोडे थोडे ढिले केले, एकदम एका बाजूचे नाही. आतला डायफ्रॅम निघाला तो भिजलेल्या आंबापोळीसारखा लिबलिबीत. पाऊण तासात नवा बसवून, हाताने पंपाची दांडी चार वेळा दाबून, कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल आलं की नाही ते बघून तिने मला सांगितलं, "मारा स्टार्टर."

पैसे विचारले तर म्हणाली, "डायफ्रॅमचे द्या. बाकी राहू दे."

ती तंत्रनिकेतनात शिकते. आजोळी गॅरेज आहे, सुट्टीत तिथे बसून शिकलेली. मी तिला विचारलं, "मंडळात का येत नाहीस?" तिने शेजारच्या मुलाकडे बघितलं आणि म्हणाली, "याला विचारा."

त्या मुलाला मी ओळखलं. तुमच्यातले काही जणही ओळखतील. चार वर्षांपूर्वी तो आपल्याकडे अर्ज घेऊन आला होता. इस्त्रीचा शर्ट, फायलीत आरसी बुकाची झेरॉक्स आणि एक फोटो. आजोबा बागायतदार. त्यांनी मारुतीचं बुकिंग करून, नंबर लागायची वाट बघून १९८५ मध्ये गाडी घेतली होती. फोटोत गाडीच्या बॉनेटवर झेंडूचा हार, बाजूला आजी नारळ फोडायला वाकलेली. मुलाने ती गाडी मांगरातून काढून, सगळा सडका पत्रा बदलून, दोन वर्षं खपून उभी केली होती. आपण काय केलं? आपल्यातलं कुणीतरी त्याच्यादेखत म्हणालं, "ही काय क्लासिक? ही तर माझ्या मेहुण्याकडे होती." मग नियमावर बोट ठेवून अर्ज परत केला. कार्यकारिणीत तेव्हा मीही होतो. परत केलेल्या अर्जावर माझीही सही आहे.

तो नियम म्हणजे "वाहन १९७० किंवा त्यापूर्वीचे असावे." हा नियम आपण कधी लिहिला ते आठवा. मंडळ सुरू झालं १९९८ मध्ये, कोकण रेल्वे सलग धावायला लागली त्या वर्षी. तेव्हा १९७० ची गाडी होती अठ्ठावीस वर्षांची. ती ज्यांनी लहानपणी घरात बघितली ते तेव्हा पस्तिशी-चाळिशीत होते, हातात चार पैसे यायला लागले होते, अंगात रग होती. नियम त्या दिवशी योग्यच होता. पण आपण तो जिथे लिहिला तिथेच राहिला आणि वर्षं पुढे गेली. आज १९७० ची गाडी पंचावन्नच्या पुढे गेली आहे आणि ती लहानपणी बघितलेला माणूस साठी ओलांडून गेला आहे. सभासद म्हातारे होत चालले म्हणून आपण हळहळतो. पण म्हाताऱ्यांखेरीज कुणाला आत येता येऊ नये असं आपल्या घटनेतच लिहून ठेवलं आहे.

जगभरच्या जुन्या वाहनांच्या संघटनांचा जो महासंघ आहे, फिवा नावाचा, १९६६ मध्ये स्थापन झालेला, त्याची व्याख्या साधी आहे: वाहन किमान तीस वर्षांचं असावं, मूळ रूपात जपलेलं असावं, रोजच्या येण्याजाण्याचं नसावं. ही रेघ दर वर्षी आपोआप एक वर्ष पुढे सरकते. ती आपण मानली तर आज कोण कोण आत येतं बघा. ८०० तर येतेच. जिप्सी, कॉन्टेसा, प्रीमियरची ११८ एनई, स्टँडर्ड २०००, मारुती १०००, टाटाची सिएरा आणि इस्टेट, पहिल्या काही एस्टीम. पद्मिनीचा कारखाना या शतकाच्या सुरुवातीला बंद पडला, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, आणि आपण मात्र १९७५ च्या पद्मिनीला अजून "नवीन" म्हणतो. येझ्दी आणि आरएक्स १०० दोन्ही १९९६ मध्ये बनायच्या थांबल्या. त्याही सगळ्या तीस वर्षांच्या घरात आल्या.

आपल्यातल्या ज्येष्ठांना डुक्कर फियाट बघितली की काय होतं ते मला माहीत आहे, कारण मलाही होतं. मोठी माणसं पुढे, आपण पोरं मागे एकमेकांच्या मांडीवर, आणि आंबा घाटात पाणी ओतायला थांबलेली गाडी. त्या मुलालाही हेच होतं. त्याची आठवण मे महिन्यातल्या कशेडी घाटाची आहे, आईच्या मांडीवर, ८०० च्या मागच्या सीटवर, पायाशी मुंबईहून आणलेल्या पिशव्या. त्याची आठवण आपल्यापेक्षा कमी खरी कशी?

वयाची रेघ ही एक गोष्ट झाली. दुसरी मला जास्त लागते. आपलं मंडळ गाड्यांच्या मालकांचं आहे, गाड्यांच्या माणसांचं नाही.

बंदराजवळच्या गॅरेजातले चाचा सगळ्यांना माहीत आहेत. नाव छापत नाही, त्यांना आवडणार नाही. आपल्या यादीतल्या निम्म्या गाड्या त्यांच्या हातावर उभ्या आहेत. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या पॉईंटमधली फट ते जुन्या करवतीच्या पात्याच्या तुकड्याने लावतात. तो तुकडा गेली तीस वर्षं त्यांच्या खिशात आहे. पात्याची जाडी त्यांच्या बोटांना पाठ आहे. पॉईंट लावून झाले की इंजिन चालू करून, डोळे मिटून, टायमिंग हाताने एवढंसं फिरवतात आणि आवाज जिथे मऊ होतो तिथे थांबतात. मी मागे एकदा मीटर लावून बघितलं होतं. फरक नव्हता म्हणावा इतका कमी होता. हे ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही. चाचांची सत्तरी झाली. त्यांच्या मुलाने मोबाईलचं दुकान टाकलं.

आणि चाचा आपले सभासद नाहीत. त्यांच्या नावावर गाडी नाही म्हणून. सव्वीस जानेवारीच्या मिरवणुकीला आपण त्यांना बोलावतो ते कुणाची गाडी वाटेत बंद पडली तर हाताशी असावेत म्हणून. बक्षीस समारंभात ते मागे उभे असतात. गेल्या वर्षी सर्वोत्तम देखभालीचा करंडक ज्या गाडीला मिळाला तिचं इंजिन त्यांनी बांधलं, आणि टाळ्या वाजवायला तेही होते. मला त्या दिवशी बोलायला हवं होतं. बोललो नाही.

तिसरी गोष्ट काकूंची. आपले एक संस्थापक सभासद सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांची अँबेसेडर अजून आहे आणि चालू आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? काकू दर शनिवारी सकाळी पूजा आटोपून पडवीत येतात, चोक ओढतात, क्लच दाबून स्टार्टर मारतात, दहा मिनिटं इंजिन चालवतात आणि अंगणात एक पुढे-मागे करतात. बॅटरी उतरली तर शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारतात. "ह्यांची गाडी बंद पडलेली मला बघवणार नाही," एवढंच त्यांनी मला सांगितलं. आपण काय केलं होतं? शोकसभेत दोन मिनिटं उभे राहिलो आणि पुढच्या यादीत त्यांच्या नावापुढे "कमी" असं लिहिलं. वारसाला सभासदत्व द्यायची सोयच आपल्या घटनेत नाही. त्यांची मुलगी ठाण्याला असते, तिला गाडी ठेवायची आहे. पण तिने मला विचारलं, "काका, कागदपत्रं आईच्या नावावर कशी करायची, कुठे जायचं?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंचवीस-सत्तावीस वर्षांच्या मंडळाच्या सभासदाकडे उत्तर नव्हतं. अशा गाड्या मग कुठे जातात तुम्हाला माहीत आहे. कोल्हापूरचा किंवा पुण्याचा दलाल येतो, अंगणातच रोख मोजतो, टेम्पोवर चढवतो. ते तरी बरं म्हणायचं. निदान गाडी वाचते. पुष्कळ गाड्या बंद घराच्या अंगणात फणसाखाली बसतात आणि चार पावसात मातीला मिळतात.

चिपळूणबद्दल लिहू की नको, याचा पुष्कळ विचार केला. पण तो विषय टाळून हे पत्र पुरं होणार नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा आपल्या एका सभासदाच्या शेडमध्ये दोन गाड्या होत्या. एक अँबेसेडर आणि एक स्टँडर्ड हेरल्ड, जिचं अख्खं नाक पुढच्या बाजूला उघडतं ती. पाणी छपराच्या वर गेलं. पुरात बुडालेली जुनी गाडी वाचवता येते, हे आपल्याला माहीत आहे. स्टार्टर मारायचा नाही. प्लग काढायचे, इंजिनातलं ऑईल काढायचं (ते दुधाच्या चहासारखं येतं), डिझेल घालून दोन-तीनदा धुवायचं, गियरबॉक्स, डिफ्रन्शियल, ब्रेकचे ड्रम उघडायचे. पण हे पहिल्या चार-पाच दिवसांत व्हायला हवं आणि त्याला हात लागतात. एकटा माणूस, ज्याच्या घरात कमरेएवढा चिखल आहे, तो घर काढेल की गाडी?

पहिले काही दिवस रस्ते बंद होते हे खरं. पण नंतर ते उघडले. आपण पोचलो बाराव्या दिवशी, मदतीचं पाकीट घेऊन. तोवर पिस्टन धरले होते. हेरल्डच्या बॉनेटवर चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या आणि आपले ते सभासद त्या भेगांवरून नुसता हात फिरवत होते. दसऱ्याच्या आधी दोन्ही गाड्या भंगारात गेल्या. आणि पुढच्या एप्रिलमध्ये आपल्याकडून त्यांना वर्गणीची आठवण करून देणारा मेसेज गेला. तो सगळ्यांना एकदम जातो, त्यांच्यासाठी मुद्दाम कुणी पाठवला नव्हता. तरी तो गेला. त्यांनी परत कधी फोन उचलला नाही.

दादा, तुम्ही हे वाचत असाल तर मी तुमची माफी मागतो. मंडळाच्या वतीने मागायचा अधिकार मला नाही, माझ्या स्वतःच्या वतीने मागतो.

आता कागदांचं. गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. मोटारीसाठी त्याचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना ते १०,००० झालं. वर पर्यावरण कर. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला हा खर्च जड आहे. दुसरीकडे, जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आणली. नव्याने नोंदणी करायची तर २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नंबरात व्हीए ही अक्षरं. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. मात्र अशी गाडी रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरण्यापुरती. ज्याची गाडी वर्षातून दोनदाच बाहेर निघते त्याला हे सोयीचं आहे. माझ्यासारख्याला, जो बायकोला घेऊन अजून डिलाईटमधून बाजारात जातो, ते चालणार नाही. हा निर्णय ज्याने त्याने घ्यायचा. पण घेण्याआधी समजावून सांगणारं कुणी हवं की नको? वर्षातून एक दिवस मंडळाने टेबल टाकून बसावं, सोबत जाणकार एजंट किंवा निवृत्त अधिकारी असावा आणि सगळ्यांचे कागद तपासून द्यावेत. एवढ्या एका कामासाठीसुद्धा माणसं वर्गणी भरतील.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती.

मे महिन्यात आपल्या घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीची, कामं निघतात. कौलं परतायची, लाकडं आत घ्यायची, सुक्या मासळीची, मिठाची बेगमी करायची, पडवीला झड बांधायची. हे कधी कुणी एकट्याने केलं आहे का? वाडीतली चार माणसं आज याच्या घरावर चढतात, उद्या त्याच्या. गाड्यांची आगोट मात्र आपण प्रत्येक जण आपापल्या अंगणात, कमरेला पट्टा बांधून, एकटे करतो. साठी-सत्तरीची माणसं जॅक लावून गाडीखाली शिरतात. गेल्या मे महिन्यात आपल्यातल्या एकाची गाडी जॅकवरून घसरली. खाली दगड ठेवला होता म्हणून हात वाचला.

समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत गाडी टिकवायची तर काय काय करावं लागतं हे आपल्याइतकं पुण्या-मुंबईच्या मंडळांना माहीत नाही. आपल्या गाड्या वरून दिसतात चकचकीत आणि खालून जातात. फुटबोर्डच्या आत जी पोकळी असते तिथे लाल माती साठते, ती ओल धरून ठेवते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलं की चांगल्या पत्र्याचा आवाज 'टण्' येतो आणि सडलेल्याचा 'भद्'. दाराच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की पाणी दारातच साचतं. माझ्या वडिलांनी ती साफ करायला मला खराट्यातली हीर दिली होती. तार घातली तर रंग खरवडतो, हीर वाकते आणि आतपर्यंत जाते. मी अजून हीरच वापरतो. चाचा सांगतात, "पावसानं गाडी नाय मरत, प्लॅस्टिकानं मरते." ताडपत्रीखाली वाफ कोंडते आणि वरच्या रंगाला फोड येतात. म्हणून छप्पर असेल तिथे नुसती सुती चादर, आणि चारी बाजूंनी वारा खेळता हवा. पूर्वी आपण सगळे खालून जळकं ऑईल मारायचो. मीही मारलं आहे. पण ते पहिल्या पावसात निथळून मातीत उतरतं, आणि अंगणात विहीर असते. आता मेणासारखं जमणारं कोटिंग मिळतं, ते जास्त टिकतं, पण एकट्याला महाग पडतं. दहा गाड्यांसाठी एक डबा आणला तर परवडतं.

हे सगळं एका रविवारी, एका अंगणात, सगळ्यांनी मिळून का करू नये? ज्यांच्या पाठी धरल्या आहेत त्यांनी खुर्चीवर बसून सांगावं, पोरांनी खाली शिरावं. चाचांनी पॉईंट लावून दाखवावेत आणि त्या मुलीने ते शिकून घ्यावेत. काकूंची अँबेसेडर आधी घ्यावी. कुणाकडे पडलेला जुना डायनॅमो, कुणाकडे हेडलाईटची काच, कुणाकडे हबकॅप, सगळ्यांची एक वही करावी. नाहीतर आपण गेल्यावर हे सामान घरचे रद्दीबरोबर घालतील. माझ्याच माळ्यावर फियाटचे दोन वॉटर पंप आहेत आणि ते कुणाला हवे असतील हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. भाट्याला त्या पांढऱ्या पद्मिनीवाल्याने विचारलं तेव्हा कळलं.

मिरवणूक बंद करा असं मी म्हणत नाही. मुंबईच्या रॅली बघून आपण ती सुरू केली, हौसेने केली, शाळेतली मुलं अजून धावत बघायला येतात. पण महामार्गावरून ती नेऊ नका. कंटेनर मागून येतो तेव्हा ड्रम ब्रेकची गाडी चालवणाऱ्याच्या छातीत काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. दोघांनी तर तेवढ्यासाठीच यायचं सोडलं. त्यापेक्षा आरे-वाऱ्याने गणपतीपुळ्याला जाऊ, मालगुंडवरून जयगड, तिथून फेरीबोटीने गाड्या तवसाळला उतरवू आणि हेदवीवरून गुहागर. एवढा सुंदर रस्ता घरासमोर असताना आपण हातखंब्याच्या तिठ्यावर कशाला जायचं?

काही जण म्हणतील, दार असं उघडलं तर दर्जा राहणार नाही, उद्या कुणीही खटारा घेऊन येईल. येऊ दे. ब्रिटनमध्ये २०१४ पासून मुद्दाम साध्यासुध्या घरगुती गाड्यांचा मेळा भरतो. ज्या एके काळी गल्लीगल्लीत होत्या आणि म्हणूनच कुणी जपल्या नाहीत, अशा गाड्यांचा. आपल्याकडे तर मुळात राजेरजवाड्यांच्या गाड्या कधी नव्हत्याच, एखाद-दुसरं संस्थान सोडलं तर. आपल्या गाड्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या, आंबेवाल्यांच्या, मच्छीच्या व्यापाऱ्यांच्या. ज्या मॅटाडोरमधून देवगडचा आंबा घाट चढून गेला तिची आज एक तरी नीट जपलेली आहे का कुणाकडे? मी शोधतो आहे, मला सापडलेली नाही.

या पत्रासोबत घटना दुरुस्तीच्या ठरावाचा मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. १९७० चा उल्लेख काढून तिथे "चालू वर्षाच्या तीस वर्षे आधीचे" असं घालावं. दुचाकी आणि मालवाहू वाहनं घ्यावीत. ज्यांच्या नावावर वाहन नाही अशा कारागिरांना आणि शिकणाऱ्यांना मतदानाच्या हक्कासह सभासद करावं. सभासद गेल्यास घरातल्या एकाला अर्जाशिवाय सभासदत्व चालू ठेवता यावं. विशेष सभेसाठी एक पंचमांश सभासदांची मागणी लागते. आजच्या संख्येत तेवढ्या सह्या सहज होतील. सभा मेच्या आधी घ्या, म्हणजे आगोटीचा रविवार यंदाच धरता येईल. अंगण माझं. जॅक, चार मजबूत स्टँड आणि दुपारचं जेवण माझ्याकडे.

भाट्याच्या मुलाला मी परत जाऊन भेटलो. जुना अर्ज त्याने फाडलेला नव्हता, फायलीतच होता. तो मी मागून आणला आहे आणि ठरावाला जोडला आहे.

ठरावावर सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाची जागा मोकळी ठेवली आहे.

आपला,
एक जुना सभासद
रत्नागिरी